धक्का सोसायचा की वाटून द्यायचा?

बंदूक झाडली की ती मागे का येते, असा प्रश्न परीक्षेत आला तर तुमच्यापैकी फारच थोड्यांचे उत्तर चुकेल. न्यूटनचा तिसरा नियम! क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात व परस्परांच्या विरुद्ध दिशेने असतात. उत्तर बरोबर, गुण पूर्ण. पण आता त्याच्या पुढचा प्रश्न घ्या. प्रतिक्रिया जर क्रियेएवढीच असते, तर समोरची फळी फोडून जाणारी बंदूक मागे उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्याला नुसता धक्का देऊन गप्प का बसते? आणि एकच बंदूक एकाचा खांदा काळानिळा करते, तर दुसऱ्याला तिचा फारसा त्रास होत नाही, हे कसे? इथे मात्र बहुतेकांची गाडी अडते.

मग उत्तरे येतात ती अशी : 'ज्याचा खांदा मजबूत, त्याला लागत नाही.' 'सवय झाली की लागत नाही.' 'खऱ्या नेमबाजाने धक्का सोसलाच पाहिजे!' धक्का सोसणे म्हणजे मर्दुमकी, अशी एक समजूत आपल्या मनात घर करून बसली आहे. मला या लेखात त्याच समजुतीविरुद्ध बोलायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : धक्का नाहीसा करता येत नाही आणि तो मुकाट्याने सोसण्यात शहाणपणही नाही. तो वाटून देता येतो. जास्त वस्तुमानावर, जास्त जागेवर आणि मुख्य म्हणजे जास्त वेळात. हा वाटून देण्याचा भाग आपण शाळेत जवळजवळ शिकवतच नाही, अशी माझी तक्रार आहे.

आडवे धनुष्य

उदाहरणासाठी आपण बंदुकीऐवजी क्रॉसबो घेऊ, कारण त्यात काय घडते ते डोळ्यांसमोर आणणे सोपे आहे. चित्रपटांतून तुम्ही तो पाहिला असेल. नेहमीचे धनुष्य आडवे करून एका दांड्याच्या पुढच्या टोकाला बसवायचे, दोरी मागे ओढून खाचेत अडकवून ठेवायची, दांड्यावरच्या खोबणीत आखूड बाण ठेवायचा, दांड्याचा मागचा भाग म्हणजे दस्ता खांद्याला टेकवायचा आणि बंदुकीसारखा चाप ओढायचा. चीनमध्ये हे हत्यार दोन हजार वर्षांपूर्वीही वापरात होते. आपल्या देशात निकोबार बेटांवरील लोक ते शिकारीसाठी वापरत. हे खेळणे मात्र नव्हे. आजचा क्रॉसबो माणसाचा जीव सहज घेऊ शकतो, म्हणून तो घरी बनवण्याच्या भानगडीत पडू नका. करून पाहण्याजोगा बिनधोक प्रयोग मी पुढे देणारच आहे.

समजा, आपल्या क्रॉसबोचे वस्तुमान साडेतीन किलो आहे आणि बाणाचे २५ ग्रॅम. बाण सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटतो. बाणाचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, झाला ०.०२५ × १०० = २.५ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. (यापुढे याला आपण नुसते 'एकक' म्हणू.) एकूण संवेग आधी शून्य होता, तो शून्यच राहिला पाहिजे. म्हणून क्रॉसबोलाही मागच्या दिशेने तेवढाच, म्हणजे २.५ एकके संवेग मिळतो. २.५ भागिले ३.५, म्हणजे तो सेकंदाला सुमारे ०.७ मीटर वेगाने मागे येऊ पाहतो. हाच त्याचा प्रतिक्षेप वेग.

हा संवेग फार आहे की थोडा? इतरांशी तुलना करून पाहा. एन.सी.सी.च्या मुलांना नेमबाजी शिकवतात ती .२२ रायफल घ्या. तिची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास. संवेग भरला ०.८६ एकक. एके काळी पोलिसांच्या खांद्यावर सर्रास दिसणारी .३०३ रायफल घ्या. गोळी ११.३ ग्रॅम, वेग सेकंदाला सुमारे ७४० मीटर. संवेग ८.४ एकके. (बंदुकीतून गोळीबरोबर दारूचा वायूही वेगाने बाहेर पडतो, त्यामुळे प्रत्यक्ष धक्का याहून बराच जास्त असतो. क्रॉसबोत तो प्रश्न नाही.)

आता क्रिकेटचा चेंडू घ्या. वस्तुमान १६० ग्रॅम. आपल्या श्रीरामपुरात जन्मलेला झहीर खान ताशी १४० किलोमीटर वेगाने चेंडू टाकीत असे, म्हणजे सेकंदाला सुमारे ३९ मीटर. संवेग ६.२ एकके! क्रॉसबोच्या बाणाच्या अडीचपट आणि .२२ गोळीच्या सातपट. आश्चर्य वाटले ना? असा चेंडू सुटताना झहीरचा खांदा निखळत नाही आणि त्याच्या गोलंदाजीवर झेल घेणाऱ्याचा हात मोडत नाही. का बरे?

रहाणेचे हात

या 'का'चे उत्तर नगर जिल्ह्याच्याच दुसऱ्या एका खेळाडूकडे आहे. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी गावी जन्मलेला अजिंक्य रहाणे हा स्लिपमधला उत्तम क्षेत्ररक्षक. २०१५ साली श्रीलंकेत गॉल येथे त्याने एकाच कसोटीत ८ झेल घेतले. यष्टिरक्षक सोडून इतर कोणाही क्षेत्ररक्षकाने तोपर्यंत एका कसोटीत इतके झेल घेतले नव्हते. चांगला क्षेत्ररक्षक झेल घेताना काय करतो? चेंडू तळव्याला लागताच तो हात चेंडूच्याच दिशेने मागे नेतो. आपण आकडे मांडून पाहू.

समजा, चेंडू सेकंदाला २५ मीटर वेगाने आला. संवेग ४ एकके. क्षेत्ररक्षकाने हात ताठ ठेवले आणि फक्त तळव्याची कातडी, मांस आणि मनगट मिळून ३ सें.मी. मागे दबले, तर चेंडू थांबायला सेकंदाचे अडीच हजारांश वगैरे वेळ लागेल (०.००२४ सेकंद). बल गुणिले वेळ म्हणजे संवेगातील बदल. म्हणून बल येते ४ भागिले ०.००२४, म्हणजे सुमारे १,६७० न्यूटन. तळव्यावर १७० किलोचे वजन ठेवावे तसे हे झाले. पण हात ३० सें.मी. मागे नेले, तर वेळ दहापट होतो आणि बल दहावा हिस्सा, म्हणजे १७ किलोच्या वजनाइतके उरते. चेंडू तोच, वेग तोच, संवेग तोच. हाताचे हाड तेवढे शाबूत राहते.

पाहा, इथे ताकदीचा प्रश्न कुठे आला? रहाणे काही पहिलवान नाही. त्याने धक्का सोसला नाही, दहापट वेळात वाटून दिला.

बंदुकीच्या बाबतीत वाटणी पहिल्यांदा वस्तुमानात होते. .३०३ ची गोळी आणि चार किलोची रायफल यांना संवेग सारखाच मिळतो. पण ऊर्जा सारखी मिळत नाही. गोळीची गतिज ऊर्जा तीन हजार ज्यूलच्या वर भरते, तर नुसत्या गोळीमुळे रायफलला मिळणारी ऊर्जा नऊ ज्यूलच्याही आतच राहते. वस्तुमान साडेतीनशे पट, म्हणून ऊर्जा साडेतीनशेवा हिस्सा. सुरुवातीच्या कोड्याचे हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे उत्तर वेळेत आहे.

नगरच्या दोन तोफा

या दोन्ही वाटण्या, वस्तुमानाची आणि वेळेची, प्रत्यक्ष कशा दिसतात हे पाहायचे तर अहिल्यानगरच्या इतिहासातच दोन ठसठशीत नमुने आहेत.

पहिला नमुना आज विजापूरच्या बुरुजावर आहे. घणाघाती भाषण करणाऱ्या वक्त्याला आपण 'मुलूखमैदान तोफ' म्हणतो. ती तोफ मुळात नगरची, हे किती जणांना ठाऊक आहे? निजामशाहीत, १५४९ साली, रूमीखान या तुर्की उस्तादाने ती नगरात ओतली. तिचे वजन सुमारे ५५ टन. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि तेथून १६३२ साली विजापूरला गेली. समजा, या तोफेने ४०० किलोचा दगडी गोळा सेकंदाला २०० मीटर वेगाने फेकला. संवेग झाला ८०,००० एकके. क्रॉसबोच्या बत्तीस हजार पट! पण ५५ टनांनी भागल्यावर तोफेचा प्रतिक्षेप वेग येतो सेकंदाला दीड मीटरच्या आसपास, म्हणजे माणसाच्या चालण्याइतका. इतके प्रचंड वस्तुमान हेच तिचे धक्का पचवण्याचे साधन. पण त्याची किंमतही तेवढीच प्रचंड. अशी तोफ एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायची तर बैलांचे आणि हत्तींचे ताफे लागत. वस्तुमान वाढवून धक्का कमी करता येतो, पण मग ते वस्तुमान वाहावे लागते!

दुसरा नमुना पाहायला नगरचे रणगाडा संग्रहालय गाठा. नगर हे १९४८ पासून भारतीय लष्कराच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि १९९४ साली तेथे हे संग्रहालय सुरू झाले. सेंच्युरियन, पॅटन, आपल्या देशात आवडी येथे बनलेला विजयंता असे नाना देशांचे रणगाडे तेथे रांगेने उभे आहेत. मुले सहसा त्यांच्यासमोर उभी राहून छायाचित्रे काढतात आणि 'केवढी लांब नळी!' असे म्हणून पुढे जातात. तुम्ही तसे करू नका. विजयंतासमोर जरा थांबा आणि स्वतःला विचारा, की ही १०५ मि.मी.ची तोफ उडत असताना त्याच पोलादी खोलीत हाताच्या अंतरावर बसलेली माणसे जिवंत कशी राहतात?

सोपे आकडे घेऊ. समजा, १० किलोचा गोळा सेकंदाला १,००० मीटर वेगाने सुटतो. संवेग १०,००० एकके. गोळा नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. नळी जर रणगाड्याला घट्ट जखडून टाकली असती, तर तेवढ्या वेळात रणगाड्यावर सुमारे ९० ते १०० टन वजनाइतके बल आले असते. म्हणून नळी जखडत नाहीत. ती मागे सरकू देतात. किती? या जातीच्या तोफेत सुमारे ३० सें.मी. म्हणजे झेल घेताना आपल्या क्षेत्ररक्षकाचे हात मागे आले, जवळजवळ तेवढीच! नळी व तिच्याबरोबर सरकणारा भाग मिळून दोन टन धरला, तर तो सेकंदाला ५ मीटर वेगाने मागे येतो आणि ३० सें.मी. अंतरात थांबतो. त्याला ०.१२ सेकंद लागतो. बल उरते साडेआठ टन वजनाइतके. पुन्हा दहा-अकरावा हिस्सा.

नळीला थांबवतो कोण? तेल. नळीला जोडलेला दट्ट्या तेलाने भरलेल्या नळकांड्यात सरकतो आणि तेलाला अरुंद छिद्रांतून वाट काढावी लागते. या खटाटोपात नळीची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलते. मग स्प्रिंग किंवा दाबलेला वायू नळीला हळूच पूर्वीच्या जागी ढकलतो. मोटारसायकलच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये आणि कार्यालयांची दारे हळू मिटवणाऱ्या यंत्रात हीच युक्ती असते. फ्रान्सच्या ७५ मि.मी. तोफेत १८९७ साली ही व्यवस्था यशस्वीपणे बसवली गेली. त्याआधी प्रत्येक बारागणिक तोफगाडा मागे धावे, तो पुन्हा ढकलत जागेवर आणावा लागे आणि नेम नव्याने धरावा लागे. या तोफेचा गाडा मात्र जागेवरच राही, फक्त नळी मीटरभर मागे जाऊन परत येई. त्यामुळे ती मिनिटाला १५ बार काढू शकत असे. धक्का वाटून दिला म्हणजे नुसता त्रास वाचतो असे नाही, काम सुधारते!

ट्रकवर मोठी तोफ बसवायची झाली की हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. नगरच्याच वाहन संशोधन व विकास संस्थेने १५५ मि.मी.ची तोफ चाकांच्या गाडीवर बसवण्याचे काम अलीकडे केले आहे. अशा गाड्यांना सहसा खाली टेकवण्याचे पाय असतात. बार काढण्यापूर्वी ते जमिनीवर रोवले, की धक्क्याच्या वाटणीत साक्षात पृथ्वीच भागीदार होते.

पुन्हा क्रॉसबोकडे

आता चाप ओढल्यावर क्रॉसबोत काय होते ते बारकाईने पाहू. दोरी पुढे झेपावते, तिच्याबरोबर बाण आणि धनुष्याच्या दोन्ही भुजांची टोके पुढे जातात. दांडा मागे खांद्यावर येतो. हा पहिला धक्का. पण गोष्ट इथे संपत नाही. दोरी ताणून सरळ होते आणि भुजांना एकदम थांबावे लागते. त्यांचा पुढच्या दिशेचा संवेग दांड्याला मिळतो, म्हणून दांडा लगेच पुढे हिसका देतो आणि थरथरतो. हा दुसरा धक्का. बंदुकीत असा उलटा हिसका नसतो.

तुम्ही बेचकी वापरली असेल, तर हा हिसका तुमच्या ओळखीचा आहे. बेचकीतून खडा सुटताच बेचकी धरलेला हात पुढे झेपावतो, मागे नाही! मग तिसरा नियम खोटा ठरला काय? नाही. रबर ताणलेले असताना तुमचा डावा हात बेचकीला पुढे रेटत होता. रबराची ओढ संपली तरी स्नायूंचा रेटा क्षणभर चालूच राहतो, म्हणून हात पुढे जातो. खड्याला मिळालेल्या संवेगाची परतफेड तुमचे सगळे शरीर करते, पण ते इतके जड, की तुम्हाला ते जाणवत नाही. जाणवणारा धक्का आणि प्रत्यक्ष धक्का यांत कसा फरक असतो, याचे हे सुरेख उदाहरण आहे.

हे ध्यानात घेतले, की क्रॉसबो चालवणारे जाणते लोक जे नियम पाळतात त्यांची कारणे आपोआप उलगडतात.

दस्ता खांद्याला नीट भिडवून धरायचा. मधे बोटभर फट राहिली, तर दांडा त्या फटीत मोकळेपणी वेग घेतो आणि मग येऊन आदळतो. भिडलेला असला, तर खांदा व धड त्याच्याशी एकजीव होतात. साडेतीन किलोऐवजी धक्क्याला कितीतरी जास्त वस्तुमान मिळते. फटीत धक्का वेचक वेळात लागतो, भिडवल्यावर तो पसरतो. दस्त्याला रबराची गादी असली, तर वेळही वाढतो आणि जागाही.

बाण फार हलका घ्यायचा नाही. तुम्ही म्हणाल, हलका बाण म्हणजे संवेग कमी, मग धक्काही कमी व्हायला हवा. पहिला धक्का थोडा कमी होतो खरा. पण हलका बाण धनुष्याची ऊर्जा पुरती घेऊन जात नाही. उरलेली ऊर्जा भुजांत आणि दोरीत राहते आणि दुसऱ्या धक्क्याच्या, थरथरीच्या रूपाने बाहेर पडते. मग बाण अजिबात न ठेवता चाप ओढला तर? सगळीच ऊर्जा धनुष्यात राहते. दोरी तुटू शकते, भुजा तडकू शकतात, तुकडे डोळ्यांत जाऊ शकतात. 'रिकामा क्रॉसबो कधीही सोडू नये' हा नियम अंधश्रद्धा नाही, ऊर्जेचा हिशेब आहे.

आणि तिसरे म्हणजे, बाण सुटल्यावरही स्थिर राहायचे. .३०३ ची गोळी नळीत सेकंदाचा एक-दीड हजारांश भागच असते. तेवढ्यात रायफल दोन मि.मी.सुद्धा मागे सरकत नाही. क्रॉसबोचा बाण दांड्यावर त्याच्या चौपट वेळ असतो. त्या काळात तुम्ही दचकलात, तर बाणही भरकटणार. खरी मेख इथे आहे. धक्क्याच्या भीतीने माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, खांदा आक्रसतो आणि नेम चुकतो. नेम धक्क्याने चुकत नाही, धक्क्याच्या भीतीने चुकतो. म्हणून 'सोसायला शीक' असे सांगून नवशिक्याच्या हाती जड बंदूक देणारा शिक्षक त्याला नेमबाजी शिकवत नसतो, दचकायला शिकवत असतो. आधी धक्का कमी करून द्यावा, मग भीती जाते आणि भीती गेली की नेम येतो. .२२ रायफलने सुरुवात करतात ती उगाच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते याच .२२ जातीच्या रायफलीने.

शिक्षकांना एक विनंती

आता माझी तक्रार. आपल्याकडे चेंडूचा झेल दुसऱ्या नियमाच्या पानावर असतो आणि बंदुकीचा धक्का तिसऱ्या नियमाच्या पानावर. दोन पानांची एकमेकांशी गाठ कोणी घालून देत नाही. बंदुकीचा प्रतिक्षेप वेग काढला, खाली दुहेरी रेघ मारली, की गणित संपते. खरे म्हणजे तिथे ते सुरू व्हायला हवे. 'हा वेग शून्यावर आणायला किती वेळ मिळतो?' एवढा एकच प्रश्न प्रत्येक गणिताखाली जोडा, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे.

यावर कोणी म्हणेल, की अभ्यासक्रम संपवायला वेळ नाही. कोणी म्हणेल, की मुलांना हत्यारांचे शास्त्र कशाला? पहिल्यांना माझे उत्तर असे, की पुढील प्रयोगाला एक तास पुरतो. दुसऱ्यांचे म्हणणे मला पटते, म्हणूनच या प्रयोगात हत्यार नाही.

वीतभर लांबीचा लाकडी ठोकळा घ्या. पुढच्या दोन कोपऱ्यांवर दोन खिळे आणि मागे मधोमध एक खिळा ठोका. पुढच्या खिळ्यांवर रबर चढवा, ते मागे ओढून दोऱ्याने मागच्या खिळ्याला बांधा. हा झाला बिनधोक क्रॉसबो. रबराच्या खोबणीत औषधाची छोटी प्लॅस्टिकची बाटली ठेवा आणि ठोकळा समांतर मांडलेल्या गोल पेन्सिलींवर ठेवा. मोठ्यांच्या देखरेखीखाली, बाटलीसमोर कोणी नाही हे पाहून, पेटत्या उदबत्तीने दोरा जाळा. (कात्रीने कापू नका, ठोकळ्याला धक्का लागतो.) बाटली पुढे उडेल, ठोकळा मागे घरंगळेल. किती, ते पट्टीने मोजा. आता बाटलीत वाळू भरून पाहा. मग ठोकळ्यावर दगड ठेवून पाहा. शेवटी ठोकळ्यामागे शाडूचा मऊ गोळा ठेवा. एकदा ठोकळ्याला भिडवून, एकदा दोन बोटे दूर, एकदा मधे स्पंजचा तुकडा ठेवून. शाडूत किती खोल खड्डा पडतो ते प्रत्येक वेळी लिहून ठेवा. काय दिसेल ते मी सांगणार नाही. तुमच्या वहीतले आकडेच ते सांगतील.

हा हिशेब शिकण्याची मला एवढी घाई का, तेही सांगतो. तुमच्यापैकी फार थोडे जण क्रॉसबो किंवा रायफल हातात धरतील. पण थोड्याच वर्षांत बहुतेक सगळे मोटारसायकल किंवा स्कूटर चालवतील. नगर-पुणे, नगर-मनमाड रस्त्यांवर हेल्मेट आरशाला अडकवून जाणारी तरुण मुले रोज दिसतात. 'मला काही होत नाही' हे त्यांचे वाक्य आणि 'धक्का सोसलाच पाहिजे' हे वाक्य, ही एकाच माळेची मणी. त्यांच्यासाठी शेवटचे गणित. डोके साडेचार किलोचे धरा. नुसते दीड मीटर उंचीवरून ते डांबरावर आपटले आणि कातडी-हाड मिळून २ मि.मी.त थांबले, तर त्यावर सरासरी साडेतीन टन वजनाइतके बल येते. हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा थर २ सें.मी. चेपला, तर तेच बल साडेतीनशे किलोवर येते. दहावा हिस्सा. स्लिपमधल्या झेलाचे जे गणित, विजयंताच्या तोफेचे जे गणित, तेच हे. वरचे कठीण कवच दिसायला भक्कम असते, पण मुख्य काम करतो तो आतला मऊ थर. तो चेपतो म्हणूनच डोके वाचते. एकदा चेपलेले हेल्मेट पुन्हा वापरायचे नसते तेही याचसाठी.

मुलूखमैदानीचे ५५ टन आपण डोक्यावर घेऊन फिरू शकत नाही. २ सें.मी. मात्र सहज वागवू शकतो. तेव्हा पुढच्या वेळी कोणी खांद्यावरचा काळानिळा डाग अभिमानाने दाखवला, तर त्याचे कौतुक करण्याआधी त्याला विचारा : "अरे, दस्ता खांद्याला भिडवला होतास का?"